त्यांना तिथून आपण दिसतो का?

माहुलीघाट

नमस्कार. मागच्या डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साताऱ्यावरून जाणार होते आणि आईने ते कधी पाहिले नव्हते, म्हणून मी तिला गच्चीवर घेऊन गेलो. गुडघ्यांमुळे तिला जिना चढायला वेळ लागतो, त्यामुळे आम्ही चांगले पंधरा मिनिटे आधी जाऊन खुर्ची टाकून बसलो. सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास अजिंक्यताऱ्याच्या उजव्या अंगाला, नैर्ऋत्येला, एक पिवळसर ठिपका वर येताना दिसला. विमानासारखी उघडझाप नाही, आवाज नाही, मागे रेघ नाही. डोक्यावर येईपर्यंत तो शुक्रापेक्षा कमी तेजस्वी नव्हता, आणि मग ईशान्येकडे उतरताना, क्षितिजाच्या बराच वर असतानाच, तांबूस होत होत आठ-दहा सेकंदांत विझला. तो कशाच्या आड गेला नव्हता. जी रात्र आमच्या गच्चीवर तासाभरापूर्वीच उतरली होती, तिच्याच सावलीत तो शिरला होता.

आई बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "त्यात माणसं हायत म्हणतोस, तर त्यांना तिथनं आपण दिसतो का रे?" मी सहज "नाही गं, एवढ्या लांबून कसे दिसणार" असे म्हणून टाकले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण ते न मोजता दिलेले होते, आणि एवढ्या चांगल्या प्रश्नाला न मोजता उत्तर दिल्याची खंत मला लागून राहिली. तेव्हापासून जे वाचले आणि कागदावर मांडून पाहिले, ते येथे लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकले असेल तेथे दुरुस्त करावे.

पहिली गोष्ट अंतराची. स्थानक साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून फिरते, म्हणजे ते आमच्या डोक्यावर आले तेव्हा आमच्यापासून नागपूरपेक्षा पुष्कळ जवळ होते. निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाइतके बारीक तपशील वेगळे ओळखता येतात आणि ४०० किलोमीटरवर तेवढ्या कोनात सुमारे ११६ मीटरची वस्तू मावते. स्थानकाची स्वतःची लांबी १०९ मीटर आहे. ही दोन माने शेजारी शेजारी लिहिली तेव्हा मी थबकलो, कारण आपल्याला त्याचा आकार न दिसता केवळ ठिपका दिसतो याचे कारण आणि त्यांना आपले घर दिसत नाही याचे कारण एकच आहे. अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असते. फरक इतकाच की स्थानक काळ्या आभाळात उन्हाने उजळलेले असते आणि आपली गच्ची हजारो गच्च्यांमध्ये मिसळलेली असते.

मग काय दिसत असेल? लोणारचे विवर घ्या. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. स्थानक नेमके त्याच्यावर आले, तर ते विवर खिडकीतून पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचे दिसायला हवे, आणि अर्ध्या चंद्राएवढी गोल वस्तू डोळ्याला सहज कळते. उजनीचा फुगवटा, कोयनेच्या शिवसागराची दक्षिणोत्तर लांबट पट्टी, ठाण्याची खाडी आणि मुंबईचे सगळे बेट हे तर त्याहून किती मोठे आहे. क्षितिज सर्व बाजूंना सुमारे २,३०० किलोमीटरवर असते, म्हणून नागपूरवर असलेल्या माणसाला एका बाजूला काश्मीर आणि दुसऱ्या बाजूला श्रीलंका एकाच वेळी क्षितिजाच्या आत येते, जरी कडेचा भाग फार चपटा आणि धूसर दिसत असला तरी. आणि वेळ किती मिळतो? जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या वर आहे. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतले सुमारे ७०० किलोमीटर ते दीड मिनिटाहून थोड्या अधिक वेळात ओलांडते.

माझा प्रश्न असा, की प्रत्यक्ष तेथे गेलेल्या माणसांना आपल्या वस्तीच्या खुणा कितपत दिसल्या आहेत? आईला नीट उत्तर द्यायचे आहे.

ध्रुवमत्स्य

गणित बरोबर आहे. त्यात एक भर घालतो. त्या संध्याकाळी भारतीय वेळेनुसार सात वाजून पाच मिनिटे झाली होती, पण स्थानकावर ग्रिनिचचे घड्याळ चालते, म्हणजे तेथे दुपारचे एक वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. ती त्यांची कामाची वेळ. पृथ्वी पाहण्याचा वेळ बहुतेक जण आपल्या मोकळ्या तासांतून काढतात.

पाहण्याची मुख्य जागा म्हणजे क्युपोला. हा इटलीत तयार झालेला, जेमतेम तीन मीटर व्यासाचा आणि दीड मीटर उंचीचा घुमट २०१० च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानाने वर नेला. सहा खिडक्या भोवताली आणि मध्ये ८० सेंटिमीटर व्यासाची एक गोल खिडकी, अशी त्याची रचना आहे. तो घुमट स्थानकाच्या पृथ्वीकडच्या अंगाला बसवलेला असल्यामुळे त्यात शिरणारा माणूस आपल्या दृष्टीने डोके खाली करून लोंबकळत असतो. त्याला मात्र ते खाली वाटतही नाही आणि वरही वाटत नाही. प्रत्येक खिडकीला काचांचे चार थर आहेत. आतली पातळ काच ओरखडे झेलते, मधल्या दोन जाड काचा हवेचा दाब पेलतात आणि सर्वांत बाहेरची काच अवकाशातल्या कणांचा मारा सोसते. वापर नसेल तेव्हा बाहेरून झडपा लावून घेतात आणि पाहायचे असेल तेव्हा आतली मूठ फिरवून त्या उघडतात. एवढ्या चार काचांमागे डोळा लावून बसलेल्या माणसाला दिवसाकाठी सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त मिळतात, कारण एक प्रदक्षिणा सुमारे ९३ मिनिटांत पुरी होते.

छायाचित्रांविषयी लोकांचा एक गैरसमज आढळतो. तेथून काढलेली सुंदर चित्रे यंत्राने आपोआप येतात असे पुष्कळांना वाटते, पण रात्रीच्या शहरांची चांगली छायाचित्रे मिळणे फार काळ अवघड होते. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले, तर तेवढ्यात खालची जमीन साडेतीन किलोमीटर सरकलेली असते आणि शहराच्या जागी नुसते फराटे उमटतात. २००२-०३ च्या मुक्कामात डॉन पेटिट यांनी स्थानकावर पडून असलेल्या सुट्या भागांतून आणि एका ड्रिल यंत्रातून जमिनीच्या वेगाने कॅमेरा उलटा फिरवणारी जोडणी तयार केली. आपले हौशी निरीक्षक ताऱ्यांची छायाचित्रे काढण्यासाठी बिजागरीच्या दोन फळ्यांचे जे साधन घरी बनवतात, त्याचेच ते रूप होते. आपण पृथ्वीवरून ताऱ्यांचा पाठलाग करतो, त्यांनी ताऱ्यांमधून पृथ्वीचा केला. मला स्वतःला अंतराळातल्या कुठल्याही मोठ्या यंत्रापेक्षा ही जोडणी जवळची वाटते.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वर्गातला पृथ्वीगोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. धागा वाचून मी पाचवीच्या मुलांना विचारले की अंतराळवीर या गोलापासून किती दूर असतील, ते हाताने दाखवा. कोणी हातभर दूर दाखवले, कोणी वर्गाच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. प्रमाणात मोजले तर स्थानक गोलाच्या पृष्ठभागापासून फक्त साडेनऊ मिलिमीटरवर येते, म्हणजे बोट आडवे ठेवले तर त्याच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर. एका मुलीने गोलावर बोट टेकवून त्याला डोळा लावून पाहिले आणि "सर, मग त्यांना सगळा गोल दिसतच नसणार" असे सांगितले, आणि ते अगदी खरे आहे. त्यांना भोवतालचा साडेपाच सेंटिमीटर त्रिज्येचा तुकडाच दिसतो आणि त्याच्या कडेला वाकलेले क्षितिज दिसते. दूरचित्रवाणीवर ढगांची जी चित्रे येतात ती इन्सॅट मालिकेच्या उपग्रहांची असतात. ते ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे आमच्या गोलापासून ८४ सेंटिमीटरवर, आणि चंद्र थेट नऊ मीटरवर, शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला.

हवेचे काय, असे मुलांनी विचारले. हवेच्या एकूण वजनापैकी सुमारे ९० टक्के हवा जमिनीपासून १६ किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आमच्या गोलावर ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ, गोलावर चिकटवलेल्या नकाशाच्या कागदाएवढी. वर गेलेली माणसे परत आल्यावर क्षितिजावरच्या त्या निळ्या रेघेविषयी इतक्या काळजीने का बोलतात, ते मला त्या दिवशी फळ्यावर आकडे मांडताना समजले. नंतर मुलांनी पट्टीने मोजून साडेनऊ मिलिमीटरवर तारेचे एक कडे गोलाभोवती बसवले. ते आता तेथेच आहे.

खाडीपलीकडे

माहुलीघाट, तुमच्या आईंच्या प्रश्नाला माझ्याकडे थोडेसे उत्तर आहे. आमचे घर हर्णै बंदराजवळचे आणि घरात तीन पिढ्यांची मासेमारी. सुनीता विल्यम्स २०२५ च्या मार्चमध्ये २८६ दिवसांनी परत आल्या, त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत त्यांना वरून भारत कसा दिसतो असे विचारले गेले. हिमालयाविषयी त्या भरभरून बोललेच, पण त्याबरोबर त्यांनी गुजरात आणि मुंबईच्या किनाऱ्याबाहेरच्या मासेमारी नौकांचाही उल्लेख केला. किनाऱ्याकडे येताना त्या नौका जणू खूण करून सांगतात की आता भारत आला, अशा अर्थाचे ते बोलणे होते. त्यानंतर मोठ्या शहरांपासून लहान गावांपर्यंत पसरत गेलेले दिव्यांचे जाळे दिसते, असेही त्या म्हणाल्या.

हे मी वडिलांना वाचून दाखवले. ते चाळीस वर्षे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. रात्री जाळे टाकून झाले की खलाशी झोपतात आणि तांडेल एकटा जागा असतो. तेव्हा चहूकडे पाण्याखेरीज काही नसते आणि दूरच्या बोटींचे दिवे मोजणे एवढाच विरंगुळा असतो, असे ते नेहमी सांगत आले आहेत. एका बोटीचा एक दिवा वरून कोणाला दिसणार नाही, हे तुमच्या गणितावरून मला समजते आहे. पण हंगामात शेकडो बोटी एका पट्ट्यात येतात तेव्हा त्यांचा मिळून जो उजेड होतो, तो काळ्या समुद्रावर लपत नाही. वडिलांनी ऐकून घेतले आणि काही वेळाने फक्त एवढेच विचारले, की कोणत्या महिन्यात पाहिले त्यांनी. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा समुद्र काळाच राहतो, हे त्यांच्या मनात असावे.

टिपूर

वरून देशांच्या सीमा दिसत नाहीत, असे नेहमी सांगितले जाते. शुभांशु शुक्ला यांनीही २८ जून २०२५ रोजी पंतप्रधानांशी बोलताना तेच सांगितले होते. मग हे अक्षरशः खरे मानायचे की भावनेने बोललेले?

ध्रुवमत्स्य

दिवसा खरेच आहे. शुक्ला २५ जूनला निघाले आणि १५ जुलैला परतले, म्हणजे भर पावसाळ्यात तेथे होते, आणि तरीही नकाशापेक्षा भारत प्रत्यक्षात फार भव्य दिसतो असे त्यांनी सांगितले. दिवसा नद्या दिसतात, डोंगर दिसतात, शेतांचे चौकोन दिसतात, पण नकाशातली रेघ कोठेही दिसत नाही.

रात्री मात्र किमान एक सीमा दिसते आणि ती आपलीच आहे. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कुंपणाला लावलेल्या प्रखर दिव्यांची नारिंगी रेघ २०११ साली स्थानकावरून काढलेल्या छायाचित्रात स्पष्ट उमटली आहे, आणि त्यानंतरही अनेकदा टिपली गेली आहे. शहरांचे दिवे पुंजक्यांनी पसरलेले असतात. ही रेघ मात्र वळणे घेत सलग जाते, म्हणून ती लगेच ओळखू येते. दोन्ही कोरियांच्या बाबतीत उलटे आहे. तेथे दिव्यांची रेघ नसून दक्षिणेचा लखलखाट एका ठिकाणी एकदम तुटतो आणि उत्तरेचा भाग समुद्राइतकाच काळा दिसतो.

याच्या उलट, चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे आपण लहानपणी सगळ्यांनी ऐकले आहे. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परत आले तेव्हा त्यांनी आपल्याला ती दिसली नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. भिंत लांब आहे, पण काही मीटरच रुंद आहे आणि रंगाने भोवतालच्या मातीसारखी आहे. माणसाचे काम वरून दिसते ते त्याच्या आकारापेक्षा भोवतालच्या रंगाहून वेगळेपणामुळे. काळ्या समुद्रावरचा दिवा त्यामुळेच दिसतो.

पिंपळपान

चर्चा उत्तम चालू आहे. एका गोष्टीवर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पृथ्वी वरून पाहिल्याने माणसाची दृष्टी पालटते, या अनुभवाला फ्रँक व्हाइट यांनी १९८७ मध्ये 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट' असे नाव दिले आणि तेव्हापासून ते जणू ठरलेले फळ असल्यासारखे बोलले जाते. पण ज्या १९६१ मध्ये गागारिन यांनी १०८ मिनिटांत आपली फेरी पूर्ण केली, त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहाने कक्षेतून सोव्हिएत भूमीची छायाचित्रे आणली होती. तीच उंची आणि तीच पृथ्वी असताना पाहणाऱ्याला एकीकडे विमानतळ दिसले आणि दुसरीकडे निळी कडा दिसली. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूत ७ वर गेले तेव्हाही, 'सारे जहाँ से अच्छा' हे त्यांचे जे उत्तर सर्वांना पाठ आहे त्याखेरीज, बहुवर्णी कॅमेऱ्याने भारताची छायाचित्रे घेणे हे त्यांचे मोठे काम होते. पाण्याच्या आणि जमिनीच्या नोंदीसाठी ती चित्रे हवी होती. मला त्या उत्तराइतकेच हे कामही मोलाचे वाटते. पाहणे शिकावे लागते आणि कशासाठी पाहायचे हेही ठरवावे लागते, नुसती उंची ते देत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोरडवाहू

पिंपळपान यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. बरेच दिवस मनात असलेली गोष्ट आहे.

पृथ्वीचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र अपोलो १७ च्या तिघांनी, सर्नन, इव्हान्स आणि श्मिट यांनी, ७ डिसेंबर १९७२ रोजी चंद्राच्या वाटेवर असताना सुमारे २९ हजार किलोमीटरवरून काढले. सूर्य पाठीमागे असल्यामुळे पृथ्वीचा पूर्ण उजळलेला गोल त्यांना मिळाला. खडूफळा यांच्या विद्यार्थिनीने जो पूर्ण गोल स्थानकावरून दिसत नाही असे ओळखले, तो अपोलोच्या काळात चंद्राकडे गेलेल्या २४ जणांच्याच वाट्याला आला होता. मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला होता आणि छापताना ते उलटे फिरवले गेले. मध्यभागी आफ्रिका आणि मादागास्कर, खाली अंटार्क्टिकाचा बर्फ, वर अरबस्तान. उजवीकडे वर, अगदी कडेजवळ, ढगांचा एक भोवरा दिसतो. ते त्याच आठवड्यात तामिळनाडूवर येऊन आदळलेले चक्रीवादळ आहे. म्हणजे आपला देश त्या चित्रात आहे, कडेला दबलेला, पण आहे.

चित्र काढले तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार वाजून गेले होते. आणि ते बहात्तर साल होते. वयाने मोठ्या वाचकांना पुढचे सांगायला नको. त्या दुपारी चार वाजता माझी आई बीड जिल्ह्यातल्या एका दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिचे वय तेव्हा सतरा होते आणि मोठा भाऊ पोटात होता. तामिळनाडूत पावसाने घरे वाहून जात होती, आणि तेथून हजारएक किलोमीटरवर आमच्याकडे विहिरींचे तळ उघडे पडले होते. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो, म्हणजे लाल ज्वारी. ते लाल दाणे तिने पुढे आयुष्यात कधी घरात येऊ दिले नाहीत.

मी हे चित्र प्रथम पाहिले ते महाविद्यालयाच्या वाचनालयात, आणि तेव्हा इतरांसारखाच त्या निळाईने भारावून गेलो. तारीख आणि वेळ मात्र पुष्कळ वर्षांनी लक्षात आली. त्यानंतर मी त्याची मोठी प्रत काढून आणली आणि आईला त्या भोवऱ्याच्या डावीकडची, कडेची जागा बोटाने दाखवली. तिने चष्मा लावून बारकाईने पाहिले. "ढग सगळा तिकडंच गेला व्हता म्हण की," असे ती म्हणाली. ते चित्र पाहून निघालेल्या शेकडो उद्गारांपैकी मला हा एकच पाठ आहे, कारण त्या चित्रात नेमके काय आहे ते तिने एका नजरेत वाचले.

ध्रुवमत्स्य

कोरडवाहू, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या लिहिण्यामुळे एक चित्र आठवले. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, मंगळाकडे निघण्यापूर्वी पृथ्वीभोवतीच फिरत असताना, आपल्या मंगळयानाने सुमारे ६८ हजार किलोमीटरवरून पहिले रंगीत छायाचित्र पाठवले. त्यात भारतीय उपखंड मध्याजवळ आहे, आणि बंगालच्या उपसागरात हेलन चक्रीवादळ. दोन्ही चित्रे पावसाळ्यानंतरच्या दिवसांतली, दोन्हींत त्याच समुद्रातले वादळ. फरक असा की २०१३ मध्ये त्या वादळावर उपग्रहांची दिवसरात्र नजर होती आणि किनाऱ्यावरच्या लोकांना आधी सांगता येत होते. पिंपळपान ज्याला पाहायला शिकणे म्हणतात, ते बहुधा हेच.

स्वाननदीकाठी

मी गेली अकरा वर्षे ऑस्ट्रेलियात पर्थला राहते. धागा रोज वाचत होते आणि कोणी ना कोणी आमच्या गावाचा उल्लेख करेल असे वाटत होते. तो अजून झालेला नाही, म्हणून लिहिते. माहुलीघाट, तुमच्या आईंना जे विचारायचे आहे, ते या गावाने १९६२ साली विचारून झाले आहे आणि त्याला उत्तरही मिळाले आहे.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. सगळे उड्डाण पाच तासांहूनही कमी होते. त्यांची पहिली रात्र हिंदी महासागरावर झाली आणि पुढे अंधारात पहिले मोठे शहर येणार होते ते पर्थ. तेव्हा येथे मध्यरात्र जवळ आली होती. लोकांनी ठरवून घरांतले, अंगणांतले आणि दुकानांतले दिवे लावून ठेवले. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने अंगणातल्या दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्यासारख्या पसरल्या आणि त्यांच्यावर दिव्याचा झोत सोडला, म्हणजे उजेड वर परतेल. आजींना झोपेतून उठवून अंगणात उभे केले होते आणि त्यांना दिसले काहीच नाही, कारण यान अंधारात होते. पण वरून ग्लेन यांना शहर दिसले. पर्थच्या उत्तरेला मुचिया येथे नियंत्रण केंद्र होते आणि तेथून अंतराळवीर गॉर्डन कूपर त्यांच्याशी बोलत होते. दिवे लावल्याबद्दल सगळ्यांना धन्यवाद सांगा, असे ग्लेन यांनी त्यांना कळवले. ते १६० ते २६० किलोमीटरच्या दरम्यान उडत होते, आजच्या स्थानकापेक्षा बरेच खाली. १९९८ मध्ये ते वयाच्या ७७ व्या वर्षी पुन्हा वर गेले, तेव्हाही पर्थने दिवे लावले.

तुमच्या गणिताप्रमाणे शेजारच्या आजींची चादर त्यांना दिसली नसणारच. पण आजी आजही "आमची चादर" असेच म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटते.

ध्रुवमत्स्य

एका लहानशा गटाचा दिवा ओळखला गेल्याचेही उदाहरण आहे. मार्च २०१२ मध्ये टेक्सासमधल्या सान अँटोनियो येथील हौशी खगोलनिरीक्षकांनी दोन प्रचंड शोधदिवे आणि एक निळा लेझर घेऊन स्थानकाच्या दिशेने झोत सोडले. वर डॉन पेटिट होते, तेच बिजागरीच्या जोडणीवाले, आणि त्यांच्याशी आधी वेळ ठरवलेली होती. शोधदिव्यांची उघडझाप आणि लेझर दोन्ही त्यांनी पाहिले. हौशी मंडळींनी मुद्दाम पाठवलेला प्रकाश स्थानकावर दिसल्याची ती पहिलीच वेळ होती. याचे अनुकरण येथे कोणी करू नये, कारण आकाशात लेझर रोखल्याने वैमानिकांचे डोळे दिपतात आणि अपघात होऊ शकतो. त्या मंडळींनी सर्व काळजी घेऊन ते केले होते.

ज्यांना काही पाठवण्याऐवजी ऐकायचे आहे त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर चालतो. कार्यक्रम असेल तेव्हा साध्या हातातल्या संचावर त्यांचा आवाज आणि कधी कधी चित्राचे संकेतही येथे मिळतात. ते आपल्या क्षितिजाच्या वर असतात त्या आठ-दहा मिनिटांतच ते ऐकू येतात.

माहुलीघाट

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी जेवणानंतर आईला बसवून हा सगळा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. खडूफळा यांच्या गोलाचे तिला विशेष वाटले आणि तिने घरातली मोठी परात उपडी घालून त्यावर बोट आडवे ठेवून पाहिले. कोरडवाहू यांचा मजकूर वाचताना तिने मला मध्येच थांबवले आणि ती थोडा वेळ गप्प बसली, कारण बहात्तर साली तीही माण तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर होती. हे ती मला आजवर कधी बोलली नव्हती. त्यांच्या आईंचे गाव कोणते, असे तिने विचारले आहे. जमल्यास व्यक्तिगत निरोपात कळवावे.

पर्थच्या मंडळींनी किती वेळ दिवे लावून ठेवले होते, हे तिने मला दोनदा विचारले.

स्थानक परत गुरुवारी पहाटे पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी वायव्येकडून येते आहे आणि सहा मिनिटे दिसेल. ते नीट दिसायचे तर गच्चीवरचा दिवा मालवावा लागेल, असे मी तिला सांगितले. त्यावर तिने थोडा विचार केला आणि ठरवले, की पहिली तीन मिनिटे मालवू, आणि उरलेली तीन मिनिटे लावून ठेवू.